गांडूळखताचा चहा आणि माझी वांगी

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या घरामागे जेमतेम दोन गुंठे जागा आहे. वांगी, टमाटर, चवळी, पालक आणि सांबार (कोथिंबीर), एवढंच लावते. कडुनिंबाखाली गांडूळखताचा बेड आहे.

पहिल्या वर्षी बेडच्या खालच्या नळीतून ठिबकणारं काळपट पाणी मी बाटल्यांत भरून ठेवलं. हाच 'चहा', म्हणजे झाडांना घालायचा गांडूळखताचा अर्क, असं समजून पाणी न मिसळताच वांग्याच्या रोपांना घातलं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. तो नुसता निथळा होता. त्यात क्षार साठलेले असतात आणि हवा न मिळाल्यानं तो कुजतो. सासूबाईंनी बाटली उघडली अन् म्हणाल्या, "काऊन वं, हे सडलेलं पाणी झाडाले घालतेस का?" त्यांचं नाक बरोबर होतं.

खरा चहा पूर्ण तयार झालेल्या खतापासून करतात. खत काळं, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं हवं. आमच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणूंना मारतं, म्हणून १५ लिटर पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवते. दुसऱ्या दिवशी दीड किलो खत सुती कापडाच्या पोटलीत बांधून त्यात सोडते आणि दोन चमचे गूळ घालते, जास्त नाही. सीताबर्डीहून आणलेला माशांच्या टाकीचा एअर पंप लावून चोवीस तास बुडबुडे काढत ठेवते. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. वर फेस येतो, मातीचा वास सुटतो. उग्र किंवा नाल्यासारखा वास आला तर मात्र ती बादली मी भाजीला लावत नाही.

पंप बंद केला की चार-पाच तासांत वापरून टाकते, कारण हवा थांबली की त्यातले जीव गुदमरू लागतात. गाळून घेते आणि पाचपट पाणी मिसळून बुंध्याशी घालते. फवारणी फक्त सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. पालक-सांबारावर फवारणी मी पूर्ण टाळते, कच्चं खाणारं घर आहे आमचं. त्यांना मुळाशीच देते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा चहा म्हणजे झाडाचं पूर्ण जेवण नव्हे. त्यात नत्र फार थोडं असतं. लागवडीच्या वेळी मातीत घालायचं घट्ट खत तुम्ही टाळलं, तर वांगी पिवळी पडणारच. जमिनीतले जिवाणू वाढावेत म्हणून मी चहा देते. दर पंधरा दिवसांनी दिल्यावर आमच्या काळ्या चिकट मातीत हात घालणं सोपं झालंय, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता सगळी काळजी मे महिन्याची. पारा ४५ वर गेला की गांडुळं तगत नाहीत, बेड ३० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. ओली पोती दिवसातून तीनदा भिजवते, वर हिरवी जाळी, बाजूला कूलरचा जुना खस. गेल्या मेमध्ये दुपारी दोनला भर उन्हात पाण्याची बादली घेऊन गेले, तेव्हा पोत्याखाली ती गोळा होऊन बसलेली दिसली. जिवंत होती. मी तिथंच मटकन खाली बसले.

आज संध्याकाळी पंप लावलाय. पोटलीतला चोथा उद्या कढीपत्त्याला जाईल.