तात्यांच्या चालीनं सडा

इलेक्ट्रिक युनिसायकल शिकायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो वेगाचा. "हळू चालवलंस तर पडशील, जरा पळव, चाक आपोआप उभं राहतं." सपाट डांबरी मैदानावर हे शंभर टक्के खरं आहे. पण कोकणातल्या कातळावर हा सल्ला घेऊन कुणी उतरू नये, असं माझं आता ठाम मत झालंय. ते झालं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आडिवऱ्याच्या पंचक्रोशीतल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, कोयती खांद्याला अडकवून माझ्यापुढं चालणाऱ्या एका माणसामुळं.

ज्यांनी हे वाहन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पेडल. हँडल नाही, सीट नाही. पुढं झुकलं की पुढं जातं, टाचांवर वजन टाकलं की थांबतं. पुढं-मागं पडू न देण्याचं काम आतले सेन्सर आणि मोटर मिळून करतात. डावीकडं-उजवीकडं पडायचं नसेल तर ते मात्र आपलं आपणच बघायचं. चाक वेगात असलं की हा तोल सोपा जातो. वेग चालण्याइतका खाली आला की कंबर, खांदे, हात सगळे कामाला लागतात. नवशिके म्हणूनच हळू चालवणं टाळतात, मीही टाळत आले होते.

माझ्याकडं इनमोशन व्ही ११ आहे, बंगळुरूहून परदेशी निघालेल्या एकाकडून घेतलेलं. १८ इंची चाक, वजन २७ किलो, हवेवर चालणारं सस्पेन्शन. मोटर २५० वॉटच्या बरीच वरची, त्यामुळं नोंदणीशिवाय ते आपल्या रस्त्यांवर आणता येत नाही, आणि मी आणतही नाही. बॅटरी १५०० वॉट-अवरची. विमानात १६० च्या वर नेऊ देत नाहीत. म्हणजे हे चाक जिथं जाणार तिथं आपल्या चारचाकीच्या डिकीतूनच जाणार. सोबत धाकटा भाऊ होता, कारण रानात हे चाक एकटीनं चालवायचं नाही हा माझा नियम आहे.

पुण्याहून कराड, मलकापूर करत अणुस्कुरा घाटानं उतरलो. घाटाबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण आज नको. घरगुती मुक्काम सड्याच्या अगदी कडेला होता. गाद्या कडक, न्हाणीघर बाहेर, आणि जेवण असं की गाद्यांची तक्रार तोंडातच राहावी. काकूंची कुळथाची पिठी आणि भाकरी मी रोज रात्री मागून घेतली. मोठ्या हॉटेलात चार जण 'मॅडम, मॅडम' करत मागं फिरतात, त्यापेक्षा "आणखी वाढू काय गो?" हे मला हजार पटीनं आवडतं.

पहिल्या दिवशी आम्ही वाडीच्या पाठीमागच्या बैलगाडीच्या वाटेनं वर गेलो. पावसाळ्यात हा सडा फुलांनी भरतो, पण आम्ही गेलो तेव्हा भातं कापून झाली होती आणि सड्यावर गुडघाभर वाळलेलं सोनेरी गवत होतं. जांभ्याचा उघडा कातळ कोरडा असला की टायर त्याला घट्ट धरतो. या बाबतीत याच्याइतकी चांगली जमीन मला माहीत नाही. फसवतात ते सुटे गोल खडे. परातीत हरभरे सांडावेत तसे ते कातळावर पसरलेले असतात आणि चाकाखालून हवे तिकडे सटकतात. त्याच्यासाठी टायरची हवा थोडी कमी केली होती, मनगटाचे आणि गुडघ्यांचे गार्ड होते, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट होतं. जांभ्यावर तळहात टेकून घसरलं तर कातडं कानशीनं घासल्यासारखं निघतं, म्हणून मनगटाच्या गार्डशिवाय कुणी वर जाऊच नये.

वाट सोडून मी उजवीकडच्या मोकळ्या कातळाकडं वळणार, तेवढ्यात गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, हाक आली.

"ओ ताई! थांबा. हितनं नको."

गवत कापणारे एक गृहस्थ होते, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तेच म्हणेन. गडगा ओलांडून ते आले ते रागातच. गेल्या हिवाळ्यात जीपवाल्यांचा एक ताफा त्या सड्यावर येऊन गोल गोल फिरून गेला होता. कुणाला विचारलं नव्हतं, गवताची उडवी चिरडली होती, आणि दुसरंही एक करून गेले होते. ते त्यांनी आम्हाला दाखवलं. वाळक्या डहाळीनं त्यांनी कातळावरची माती झाडली. खाली बोटभर रुंद चर होता, त्यात तांबडी रेव भरलेली आणि त्यातून मुंग्यांची रांग चाललेली. तात्यांनी बाटलीतलं पाणी चरात ओतलं. पाणी एका बाजूनं वळत गेलं, टोकाशी दुभंगलं, आणि शेपटी दिसली. मासा होता. हातभर लांब, कातळात कोरलेला. त्याच्या पाठीवरून टायरच्या रबराचा काळा पट्टा गेला होता आणि एका ठिकाणी चराची कड फुटली होती.

"हे आमच्या आज्यानंसुदा असंच बगितलं," तात्या म्हणाले. "आनि ह्ये एका दुपारी येऊन..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवरची ही कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी पायपीट करून उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या. दहा हजार वर्षांहून जुनी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण यादीत नऊच जागा आहेत. बाकीच्या कितीतरी अशाच उघड्या, गवताखाली, कुठलाही फलक नसलेल्या. गावचं माणूस सांगेल तेव्हाच कळणार. म्हणून या गावाचं नाव मी लिहीत नाही. कुणी विचारलं तरी सांगणार नाही.

मी चाक बंद केलं आणि परत फिरायची तयारी केली. तात्या चाकाभोवती एक फेरी मारून आले, टायरला हात लावून बघितला.

"ह्ये हळू चालतं काय?"

"चाक चालतं. मला अजून हळू जमत नाही."

"मग जमवा की. माज्या मागनं या. मी जातो तितनंच, मी जातो तसंच."

आणि ते चालू लागले. शेतकऱ्याची चाल, ना घाई ना रेंगाळणं. मला त्यांच्या मागं राहायचं होतं आणि त्यांना ओलांडायचं नव्हतं. चाक त्या चालीला आणलं तर ते डाव्या-उजव्या बाजूला डुलायला लागलं. पाय ताठ केले की जास्तच डुलायचं. गुडघे सैल सोडले, दोन्ही हात बाजूला पसरले आणि कमरेतून उलटसुलट पीळ देत राहिले, तेव्हा कुठं ते ताब्यात आलं. पायाकडं बघितलं की तोल जायचा, म्हणून नजर तात्यांच्या पाठीवरच्या कोयतीवर ठेवली. पोटऱ्या आणि तळवे पेटले होते. मैदानावर तासभर पळवलं तरी इतकं दुखलं नव्हतं.

खरी परीक्षा मात्र तात्यांच्या थांबण्याची होती. ते मधूनच थांबत. गुरं कुठं गेली बघायला, विडी पेटवायला, नाहीतर भावाला एखाद्या झाडाचं नाव सांगायला. ते थांबले की मला पाय टेकावा लागायचा, आणि पाय टेकला की पुन्हा चढणं आलं. सपाटीवर चढणं निराळं. इथं एक पाय पेडलवर, चाक नडगीला टेकवलेलं, दुसऱ्या पायाखाली उतरता कातळ किंवा खडे. दुसरा पाय उचलायच्या आत चाकाला थोडी गती हवी, आणि पुढं चढ असेल तर ती मिळत नाही. मग जरासं आडवं उभं राहून, सपाट किंवा किंचित उताराची दिशा शोधून निघायचं आणि मग वळायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तात्यांच्या विड्यांनी शिकवलं, असं म्हणायला हरकत नाही. दुपार कलायच्या आत मी चाकावर चढताना विचार करायची थांबले होते.

दुसरी गोष्ट वाटेची. कातळाला जागोजागी चार बोटं उंचीच्या पायऱ्या असतात. वेगात आलं तर त्या उडी मारून पार होतात, आणि हळू आलं तर चाक अडतं आणि अंग पुढं जातं. तात्यांच्या वाटेवर त्या जवळजवळ आल्याच नाहीत, कारण ती गुरांची वाट होती. गाय सरळ पायरी चढत नाही, ती वळसा घालून सौम्य उतार शोधते. नवशिक्याला यापेक्षा चांगली आखलेली वाट कुठं मिळणार?

आणि एके ठिकाणी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पुढं गवतच गवत दिसत होतं. ते चार पावलं गेले आणि कोयतीनं गवत बाजूला केलं. खाली चिरेखाण होती, बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून काढलेली. सरळ उभ्या कापलेल्या भिंती, दोन पुरुष खोल, तळाला हिरवं पाणी. कडेला ना तार, ना दगडांची ओळ, ना फलक. चिरे काढून झाले, खाण सोडून दिली, संपलं. गुरं पडतात, तात्या सांगत होते, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात रागही उरला नव्हता. मला मात्र अजून येतो. एवढी कमाई त्या जमिनीतून केली, त्यातले चार चिरे कडेला रचून ठेवायला काय जात होतं? वेगानं आले असते तर ती कड मला दिसलीच नसती.

उतारावर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हे चाक ब्रेक लावताना मोटरचंच जनित्र करतं आणि वीज बॅटरीत परत ढकलतं. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर त्या विजेला जागा नसते. चाक शिट्ट्या मारतं, पेडल मागं झुकवतं आणि उतरायला सांगतं. आमच्या मुक्कामापासून सकाळी निघाल्या निघाल्या उतार लागायचा. म्हणून मी रात्री चार्जर पूर्ण भरायच्या आधीच काढायची. काकूंना ते अजिबात पटायचं नाही. "फुल्ल कर गो, लाइटचं बिल आमी वेगळं नाय घेत." त्यांना कितीदा समजावलं, तरी एका रात्री मी झोपल्यावर त्यांनी प्रेमानं चार्जर पुन्हा लावून ठेवला. सकाळी चाक काठोकाठ. मग खळ्यातच फेऱ्या मारत बसले आणि अर्धी वाडी बघायला जमली.

कशेळीला आम्ही चाक न नेता गेलो. तिथल्या सूर्यमंदिरात कनकादित्याचं दर्शन घेतलं आणि मग सड्यावर चालत. तिथला कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. एका जागी उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही. कडेकडेनं चालावं लागतं, आणि त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी एकेक करत सापडत जातात. भाऊ आणि मी बराच वेळ काही न बोलता फिरत होतो. कोरणाऱ्याला तरी तो आख्खा कुठून दिसला असेल? कातळावर बसून, हातातल्या दगडानं एक एक चर ठोकत, मनात धरलेला हत्ती त्यानं जमिनीवर उतरवला. मला हे राहून राहून अजब वाटतं.

कुणाला चाक घेऊन कोकणात जायचं असेल तर जरूर जा, पण भाद्रपदात नको, ओला कातळ शेवाळानं निसरडा असतो. आणि एप्रिल-मेमध्येही नको, कातळ तापून नको जीव होतो. वाडीत आधी विचारा. दाखवायला माणूस आला तर त्याचा दिवस मोडतोय हे लक्षात ठेवा आणि त्याची मजुरी द्या. तात्यांनी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही भावंडांनी त्यांच्याबरोबर गवताचे भारे बांधले आणि गडग्यापर्यंत वाहून नेले, ते त्यांनी चालवून घेतलं. माघात सड्यावरचं सगळं गवत कापून झालं की पलीकडच्या वाडीपर्यंतची वाट मोकळी होते म्हणाले. भावाच्या रजेचं जमलं की त्यांना फोन करायचा आहे.