होमलॅबची नोंद: एका पत्त्यावर दोन मशीन

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की पाय-होल (घरभरच्या जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) सुरळीत चालू आहे. ते मागे घेतो. त्यानंतर घरातलं इंटरनेट रोज संध्याकाळी मध्येच बंद पडायला लागलं, आणि कारण माझ्याच डेस्कटॉपमध्ये निघालं.

मांडणी अशी: जुन्या डेस्कटॉपवर केव्हीएम (एकाच कॉम्प्युटरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय), राउटरपर्यंत केबल आणि व्हर्च्युअल मशीन ब्रिजवर, म्हणजे प्रत्येक मशीन थेट राउटरकडून नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) घेतं. (वाय-फायवर असा ब्रिज सहसा चालत नाही, म्हणून केबल.) उबंटू सर्व्हरचं एक मशीन साचा म्हणून ठेवलंय, नवीन काही करायचं झालं की त्याचाच क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढतो. पाय-होल हा त्यातलाच एक. पत्ता १९२.१६८.१.२३, आणि घरातल्या सगळ्या उपकरणांचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) त्याच्याकडे.

लक्षण चमत्कारिक होतं. ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग जातो, म्हणजे इंटरनेट चालू, पण एकही साइट उघडत नाही, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक. आधी वाय-फायचं चॅनेल बदललं, मग केबल. केव्हीएमच्या डिफॉल्ट नेटवर्कवरही संशय आला, पण ते १९२.१६८.१२२ मध्ये आणि घर १९२.१६८.१ मध्ये, तेव्हा टक्कर तिथे नव्हती. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

धागा आईने दिला. "तू त्या कॉम्प्युटरवर बसलास ना, की माझी मालिका अडकते." तिने अगदी नेमकं हेरलं होतं. दिवसभर काही होत नाही, आणि संध्याकाळी मी फोटो सर्व्हरचं चाचणी मशीन चालू करतो. तोही त्याच साच्याचा क्लोन.

मग पाय-होलच्या पत्त्यावर एसएसएच केलं, म्हणजे लांबून लॉगिन केलं, आणि प्रॉम्प्टवर नाव आलं 'फोटो'. क्षणभर काही कळेना. दुसरं मशीन समोर आलं तर एसएसएच एरवी ओरडतं की होस्ट-की (मशीनची ओळख पटवणारी किल्ली) बदलली आहे. इथे चूं नाही, कारण क्लोनमध्ये होस्ट-कीसुद्धा जशाच्या तशा उतरल्या होत्या.

खात्री करायला लॅपटॉपवरून त्या पत्त्याला आर्पिंग केलं, म्हणजे हा पत्ता कोणाचा असं नेटवर्कवर विचारलं. त्यात 'बी' पर्याय जरूर द्या. नाहीतर पहिलं उत्तर आलं की तो पुढचे प्रश्न त्या एकाच मशीनला विचारत राहतो. तीन प्रश्न पाठवले, सहा उत्तरं आली, दोन वेगवेगळ्या मॅकवरून (मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक). दोन्हींची सुरुवात ५२:५४:००. ही सुरुवात केव्हीएमच्या मशीनची, म्हणजे दोन्ही माझीच.

पण मॅक वेगळे असताना राउटरने एकच पत्ता का दिला? इथे मला नवीन शिकायला मिळालं. राउटर मॅकवरून ओळखतो असं आपण धरून चालतो. डीएचसीपीत (राउटर ज्या पद्धतीने पत्ते वाटतो ती) मात्र मशीन स्वतःचा क्लायंट-आयडी पाठवू शकतं, आणि तो पाठवला तर ओळख त्यावरूनच ठरते. १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्येच, म्हणजे डीएचसीपीच्या नियमांच्या दस्तऐवजात, तसं लिहिलंय. उबंटू सर्व्हर हा आयडी मशीन-आयडी नावाच्या फाइलवरून बनवतो. माझ्या सगळ्या क्लोनांत त्या फाइलमधली ३२ अक्षरं तंतोतंत सारखी होती. राउटरच्या दृष्टीने जुनंच मशीन परत आलं होतं, म्हणून त्याने जुना पत्ता परत दिला. घरातल्या ज्या उपकरणाला त्या पत्त्यासाठी फोटोचा मॅक मिळाला त्याचे डीएनएसचे प्रश्न तिकडे गेले, आणि तिथे पोर्ट ५३ वर (डीएनएसचे प्रश्न येतात त्या दारावर) ऐकायला कोणीच नव्हतं.

दुरुस्ती साच्यातच केली. मशीन-आयडीची फाइल रिकामी केली, म्हणजे क्लोन पहिल्यांदा बूट होताना स्वतःचा नवीन आयडी बनवतो. होस्ट-कीही काढल्या. त्या मात्र नव्या क्लोनात हाताने पुन्हा बनवाव्या लागतात, विसरू नका. हे सगळं व्हर्ट-सिसप्रेप नावाचं साधन एका फटक्यात करतं, पण एकदा हाताने केलं की काय पुसलं जातं ते नीट कळतं. साच्याला हात लावायचा नसेल तर नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) डीएचसीपीची ओळख मॅकवर ठेवायची सोय आहे.

पाय-होलला आता स्थिर पत्ता १९२.१६८.१.५ दिलाय, आणि राउटर १०० ते २०० मधलेच पत्ते वाटतो. घरातल्या डीएनएसचा पत्ता डीएचसीपीवर सोडायलाच नको होता.

काल रात्री तिसरा क्लोन काढला आणि तिन्ही मशीन एकदम चालू ठेवली. प्रत्येक पत्त्याला आर्पिंग केलं, तीन प्रश्नांना तीनच उत्तरं. आईची मालिका शेवटपर्यंत चालली.