तुम्ही विचारलंत म्हणून: दोन पानांना आठ दिवस का लागतात

"दोन पानांची तर स्वरलिपी. टाइप करायला आठ दिवस?" गाण्याचे स्वर खुणांनी लिहायचे ते हे काम. गाण्याच्या क्लासचे सर विचारतात, परीक्षेला बसलेल्या मुलांचे पालक विचारतात, परवा नाशकात रविवार कारंज्यावर भाजी घेताना एका काकूंनीही विचारलं. दरवेळी मी हसून "होतंय, होतंय" म्हणतो.

त्रिताल या तालाच्या मात्रा, म्हणजे ठोके, १६. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, समास सोडून उरतात १७. म्हणजे मात्रेला जेमतेम एक सेंटिमीटर. तेवढ्यात चार स्वर, त्यांना जोडणारी चंद्रकोर, कोमल, म्हणजे उतरलेल्या, स्वराखाली आडवी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर, डोक्यावर चिमुकला कणस्वर, म्हणजे ओझरता लागणारा स्वर. आणि या सगळ्याखाली बंदिशीचं, म्हणजे गाण्याच्या शब्दांचं, अक्षर नाहीतर ते लांबवायची खूण ऽ. एक रकाना फुगला की समेचं, म्हणजे पहिल्या मात्रेचं, × शेजारच्या मात्रेवर जाऊन बसतं.

"वर्डमध्ये टेबल करा की." केलं होतं.

आमच्या गाण्याच्या बाईंच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या बंदिशींची पुस्तिका काढायची ठरली. मी पुढे होऊन म्हणालो, "वह्या द्या, मी करतो." निळ्या शाईतले स्वर, कोमलच्या रेघा लाल पेन्सिलीने, फूटपट्टी लावून. मला ते तेव्हा केविलवाणं वाटलं होतं. कॉम्प्युटर असताना कोण रेघा मारत बसतं? स्वर निवडायचा, अंडरलाइनचं बटण दाबायचं. चार रात्रींत पुस्तिका तयार.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्रेसमधून ३०० प्रती आल्या. पहिली बाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. पहिलीच बंदिश भैरव रागातली. छापलं होतं तसं गुणगुणू लागल्या. रिषभ शुद्ध. धैवत शुद्ध. भैरवात दोन्ही कोमल हवेत. थांबल्या, पुन्हा मुखड्यापासून आल्या. मग पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली.

"भैरवाचा बिलावल केलास रे."

एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बिलावल रागात सगळे स्वर शुद्धच. सगळ्या पुस्तिकेत एकही कोमल रेघ नव्हती. प्रेसवाल्याने माझा मजकूर उचलून आपल्या जुन्या फाँटात घेतला होता. अक्षरं आली, मात्रा आल्या, तारसप्तकाची टिंबं मी अनुस्वार देऊन काढली होती म्हणून तीही आली. रेघा मात्र गळाल्या. मशीनच्या लेखी रेघ हा मजकूरच नव्हे, नुसती सजावट. रात्री आम्ही सहाजण लाल पेनं आणि फूटपट्ट्या घेऊन बसलो. पहाटेपर्यंत ४१ प्रती झाल्या. त्या पाहुण्यांना दिल्या.

चूक प्रेसची होती, असं मी पुढे दोन वर्षं सांगत फिरलो. प्रूफ माझ्याकडे आलं होतं, हे सांगत नव्हतो. त्यात मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, आभाराच्या पानावरची नावं दोनदा तपासली. स्वर पाहिलेच नाहीत, ते तर मीच टाइप केले होते ना!

आता लिलीपाँड नावाचं संगीत छापायचं सॉफ्टवेअर वापरतो. ते मुळात पाश्चात्त्यांच्या पाच रेषांच्या लिपीसाठी केलेलं. मी स्वर चक्क गाण्याचे शब्द म्हणून भरतो आणि त्या पाच रेषा दिसेनाशा करतो. युनिकोड या अक्षरसंचातली, वेदपाठात अक्षराखाली येणारी अनुदात्ताची आडवी खूण कोमलसाठी घेतो. ती अक्षरासारखीच अक्षर असते, सहसा गळत नाही. फक्त 'रे'ला आधी मात्रा आणि मग रेघ द्यायची. क्रम उलटला की ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. पण लिलीपाँड अक्षराच्या रुंदीप्रमाणे जागा वाटतं, त्यामुळे माझ्या मात्रा एकाखाली एक राहत नाहीत. मग वाटतं, टेबलच बरं होतं. मग बाईंचा भैरव आठवतो.

त्यात कुणीतरी शेवटच्या दिवशी म्हणतं, "हेच पलुस्कर पद्धतीत द्याल का?" स्वरलिपीच्या दोन पद्धती: मी लिहितो ती भातखंड्यांची, दुसरी विष्णु दिगंबर पलुस्करांची. विष्णु दिगंबरांनी आश्रम काढला तो नाशकातच, मागणी रास्तच आहे. पण भातखंड्यांचं वरचं टिंब म्हणजे तारसप्तक, तेच पलुस्करांकडे मंद्र. भातखंड्यांचा तीव्र, म्हणजे चढा, मध्यम ज्या उभ्या रेघेने दाखवतात, ती पलुस्करांकडे तारसप्तकाची. एका फटक्यात बदलायला गेलं तर मध्यमाचा पार चुथडा.

तुमच्या या दोन पानांत कोमल रेघा ११७ आहेत. पान छापून, प्रत्येकीवर पेन्सिलीने टिचकी मारत मोजतो. काल ११६ भरल्या.