तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गासाठी विकी कोणता?

‘वर्गात विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची, सुधारायची वेबसाइट) वापरायचाय, मीडियाविकी घेऊ का?’ शिक्षकांचा हा हमखास प्रश्न. एका वर्गापुरतं माझं उत्तर: नको. विकिपीडिया त्यावर चालतो हे खरं, पण त्याला डेटाबेस सांभाळावा लागतो, आणि या गटाला हे पान, त्या गटाला ते, अशी अधिकारांची वाटणी त्याच्या स्वभावात नाही. डोकुविकी घ्या. २००४ पासूनचं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पीएचपी या वेबसाइटींच्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि प्रत्येक पान साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतं. ‘डेटा’ आणि ‘कॉन्फ’ हे दोन फोल्डर कॉपी केले की बॅकअप झाला.

बसवताना ‘क्लोज्ड विकी’ (खातं असलेल्यांनाच खुला) निवडा, स्वतःहून नोंदणीची सोय बंद ठेवा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं खातं द्या. गटाला मिळून एक खातं दिलंत तर कुणी काय लिहिलं हे कधीच कळणार नाही, मग साधी वहीच बरी.

मराठीत लिहिणार असाल तर पहिलं पान करण्याआधीच फाइलनावांचं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) ‘यूआरएल’वरून ‘यूटीएफ-८’ करा. नाहीतर नावातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह (काना-मात्राही वेगळी धरून) नऊ रोमन चिन्हांचं होतं. फाइलनावाची मर्यादा सहसा २५५ बाइटची (एक रोमन चिन्ह म्हणजे एक बाइट), म्हणजे पंचविसेक चिन्हांतच नाव संपलं. ‘पाण्याचे शुद्धीकरण आणि साठवण’ हे साधं शीर्षकही जेमतेम बसतं. पानं झाल्यावर ही सेटिंग बदलली तर जुनी पानं सापडेनाशी होतात.

कामाची सुरुवात अनुक्रमणिकेच्या पानाने करा. दुहेरी चौकटी कंसात, [[असे]], दहा उपविषय लिहा, की प्रत्येकाचा दुवा होतो. पानं अजून नाहीत म्हणून सगळे दुवे लाल दिसतील. लाल दुवा हिरवा करणं, म्हणजे ते पान लिहिणं, हाच गृहपाठ.

उपविषय असे वेगळे करण्यामागे आणखी एक कारण आहे. कुणी संपादन उघडलं की डोकुविकी ते अख्खं पान कुलूपबंद करतं, मग तो एकाच परिच्छेदात का लिहीत असेना. त्याने ‘रद्द करा’ न दाबता तसाच लॅपटॉप मिटला तर बाकीचे पंधरा मिनिटं ताटकळतात. पाच जणांचा गट एका पानावर बसवला की तासाचा बराच वेळ यातच जातो. वेगळी पानं शेवटी एकत्र दाखवायला ‘इन्क्लूड’ प्लगइन (वरून जोडायची सोय) आहे.

आता गुणांचं. जुन्या आवृत्त्यांच्या यादीत प्रत्येक बदलापुढे किती मजकूर वाढला ते दिसतं, पण त्यावर गुण देऊ नका. तो आकडा बाइटचा असतो आणि एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने मराठी मजकुराला तो जवळजवळ तिप्पट फुगतो. शिवाय कुठूनतरी उचलून चिकटवलेलं पान एका फटक्यात सगळ्यांच्या पुढे जातं. दोन आवृत्त्या निवडून फरक वाचा. वजा आकडे आधी उघडा: दोघांनी लिहिलेली एकच व्याख्या कुणी एकत्र केली, चुकीचं एकक कुणी काढलं, ते तिथेच सापडतं. आणि वजा आकडा फारच मोठा दिसला तर बहुधा कुणीतरी पान कोरं करून साठवलंय. आधीची आवृत्ती उघडून पुन्हा साठवा.