"ॲलर्जी आहे का?"

शनिवारी मुलाचं स्विमिंग संपल्यावर इथे न्यू जर्सीत रूट वनवरच्या एका पिझ्झावाल्याकडे गेलो. काचेपलीकडच्या डब्यांकडे बोट दाखवत आपण पुढे सरकायचं, ते टाकत जातात आणि चार-पाच मिनिटांत पिझ्झा हातात, त्यातलं ठिकाण. श्रावण चालू आहे त्यामुळे मी व्हेजच सांगितला.

तिथल्या मुलाने पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिझ्झावर पेपरोनी पसरली आणि तेच ग्लोव्हज, बोटांना ते लालसर तेल तसंच लागलेलं, माझ्यासाठी सिमला मिरचीच्या डब्यात घातले. मी म्हटलं, ग्लोव्हज बदलतोस का प्लीज. तर म्हणे, "ॲलर्जी आहे का?" नाही, मी व्हेजिटेरियन आहे. "मग काही होत नाही," असं छान हसून म्हणाला आणि कांदा टाकायला लागला.

मला इतकं लागलं ते. ॲलर्जीच्या बाबतीत इथे खरंच काटेकोर असतात, 2023 पासून तर कायद्याच्या यादीत तीळसुद्धा नववा आलाय, मुलाच्या वर्गात शेंगदाण्याचा लाडू चालत नाही आणि ते मला पटतं, कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो. पण पेपरोनी म्हणजे डुकराचं आणि गायीचं मांस, आमच्या घरात ते कधी आलं नाही, याला काहीच किंमत नाही? आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही हिरवा ठिपका असतो. हो, पाणीपुरीवाला नोटा घेतो त्याच हाताने पुरी फोडतो, माहितीये मला. पण त्याला "जैन कर" म्हटलं की तो का म्हणून विचारत नाही.

पिझ्झा पण धड नव्हता, मधे भाज्यांना पाणी सुटून बेस ओला, तुकडा उचलला की चीज घसरून ताटलीत. वर 6.625 टक्के टॅक्स, आणि घास तोंडात जायच्या आधीच स्क्रीनवर टिप, 18, 20, 25. मी 18 दिली, रांगेत मागे माणसं होती आणि त्या मुलाचा पगार काही माझ्यामुळे कमी व्हायला नको.

मैत्रीण म्हणाली, सरळ ॲलर्जी आहे म्हणायचं गं, आम्ही सगळे तेच म्हणतो. ओक ट्री रोडला, त्या आपल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, जायचं होतं असंही म्हणाली. जायचं होतं, पण मुलाला पिझ्झा हवा होता, आणि स्वतःच्या जेवणासाठी खोटं आजारपण सांगणं मला नाही जमत.

अर्ध्याच्या वर पिझ्झा टाकला, अन्न टाकताना जिवावर आलं. घरी येऊन कुकर लावला, गरम भात, तूप, मेतकूट, आणि मुलगा परत पानावर बसला.