आरोपीच्या चेहऱ्यावर काय दिसले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. खरे तर आरोपींची बाजू मांडणारा वकील म्हणून हा प्रश्न मला गेली वीस-बावीस वर्षे विचारला जातो; लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, आणि एखाद्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला की वाहिन्यांवरच्या चर्चेत तर हमखास. गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात माझे व्याख्यान झाले, तेव्हा आभारप्रदर्शनाच्या आधी मागच्या रांगेतून एका बाईंनी तोच विचारला: "शिक्षा ऐकताना आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसतो का हो? आणि दिसला, तर शिक्षा कमी होते का?" वेळ संपत आली होती, त्यामुळे मी दोन वाक्यांत उत्तर गुंडाळले आणि नारळ घेऊन घरी आलो. ते उत्तर अपुरे होते, हे मला बसमध्येच जाणवले.

प्रश्नाचा दुसरा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. आरोपी दोषी ठरल्यावर न्यायाधीशांनी शिक्षेच्या मुद्द्यावर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २३५(२) म्हणून प्रथमच आली आणि तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम २५८(२) म्हणून कायम आहे. त्या कलमात पश्चात्ताप हा शब्द नाही. फाशीच्या प्रकरणांत आजही ज्याचा आधार घेतला जातो तो बचनसिंग खटल्याचा निकाल १९८०चा, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा, चार विरुद्ध एक मताने दिलेला. शिक्षा सौम्य करण्यास कारण ठरू शकतील अशा ज्या गोष्टी त्यात मान्य झाल्या, त्यांत आरोपी सुधारण्याची शक्यता ही एक आहे, आणि तो सुधारणार नाही हे सरकार पक्षाने पुराव्यानिशी दाखवावे, असेही तेथे म्हटले आहे. पश्चात्ताप न्यायालयात शिरतो तो या दारातून, सुधारणेची एक खूण म्हणून. मात्र साध्या खुनाच्या खटल्यात, जेथे सरकारी वकील फाशी मागतच नाहीत, तेथे जन्मठेपेच्या खाली जाण्याचा अधिकारच न्यायाधीशांना नसतो. तेथे आरोपी ढसाढसा रडला काय आणि दगडासारखा उभा राहिला काय, निकालपत्रातला शिक्षेचा परिच्छेद तोच राहतो.

आता पहिला भाग, म्हणजे चेहरा. येथे मला एक कबुली द्यावी लागेल. आपल्याकडच्या बहुतेक सत्र न्यायालयांत आरोपीचा कठडा मागच्या भिंतीला लागून असतो आणि वकील न्यायाधीशांकडे तोंड करून उभा असतो. शिक्षा उच्चारली जाते त्या क्षणी माझ्या अशिलाचा चेहरा मला दिसत नाही. माझी पाठ त्याच्याकडे असते. न्यायाधीशांना तो दिसतो, पण वीस-पंचवीस फुटांवरून आणि तोही समोरच्या कागदांतून डोके वर काढले तर. बातमीदार बाजूच्या बाकावर असतात, त्यांना अर्धा चेहरा दिसतो. या अर्ध्या चेहऱ्यावरून दुसऱ्या दिवशी 'निर्विकार', 'मग्रूर', 'खजील' असे शब्द छापून येतात.

एका सुनावणीचा प्रसंग सांगतो. तपशील बदलले आहेत आणि ज्याचा आहे त्याची संमती घेतलेली आहे. शेताच्या बांधावरून भांडण झाले, त्यात चुलतभावाच्या डोक्यात पहार बसली आणि तो गेला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी न्यायाधीशांनी 'दोषी' म्हटले आणि लगेच विचारले, "शिक्षेबाबत तुला काही सांगायचे आहे का?" अशिलाला शिक्षेबाबत म्हणजे काय ते कळेना. तो माझ्याकडे पाहत असावा, कारण न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले. मी मागे वळून म्हणालो, "घरचं काय ते सांग." तो म्हणाला, "आई म्हातारी आहे, दोन पोरी आहेत, दया करा साहेब." लघुलेखकाने लिहिले: आरोपी म्हणतो की त्याच्यावर वृद्ध आई व दोन अल्पवयीन मुलींची जबाबदारी आहे. सात मिनिटांत सगळे आटोपले. कैदी पार्टीचे हवालदार त्याला बेडी घालत असताना त्याने मला विचारले, "साहेब, गाडी कधी निघंल? उशीर झाला तर बराकीत जेवण मिळत नाही." हे वाक्य मयताच्या मेहुण्याने ऐकले आणि तो व्हरांड्यात मोठ्याने म्हणाला, "बघा, माणूस मारून याला भाकरीची पडलीय." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते. पण तो कैदी पहाटे साडेचारला उठवून आणलेला होता आणि आदल्या दिवशी दुपारनंतर त्याच्या पोटात काही नव्हते, हेही मला ठाऊक होते.

त्याने 'माझे चुकले' असे का म्हटले नाही? मीच त्याला तसे सांगून ठेवले होते. खटलाभर आम्ही 'गुन्हा कबूल नाही' म्हणून लढलो होतो आणि अपील करायचे ठरले होते. शिक्षेच्या सुनावणीत तो 'पश्चात्ताप होतो' म्हणाला असता, तर ते वाक्य अभिलेखावर आले असते आणि उच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी तेच पहिले वाचून दाखवले असते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर होऊ नये हा घटनेच्या अनुच्छेद २०(३) मधला हक्क आहे. पण जो तो हक्क शेवटपर्यंत वापरतो, त्याच्याबद्दल नंतर आपणच म्हणतो की याला खंत नाही. जो खरोखर निर्दोष असून दोषी ठरला, त्याने कशाची खंत दाखवायची? बाहेरून पाहताना तो आणि निर्ढावलेला गुन्हेगार सारखेच दिसतात.

चेहरा वाचण्याच्या या हौसेने काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण कसाबच्या खटल्याचे आहे. खटला आर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांच्यासमोर चालला. २० जुलै २००९ रोजी कसाब अचानक उभा राहिला आणि त्याने गुन्हा कबूल केला. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी ही कबुली अर्धवट आहे आणि शिक्षा कमी व्हावी म्हणून केलेला डाव आहे, अशी भूमिका घेतली. न्यायालयाने जबाब नोंदवून घेतला आणि खटला पुढे चालू ठेवला. डिसेंबरमध्ये कसाबने तो सगळा जबाब फिरवला. पण मला सांगायचे आहे ते या दोहोंच्या मधले. निकम यांनीच मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत ते सांगितले. खटल्याच्या वेळी माध्यमे कसाबच्या देहबोलीवर डोळा ठेवून होती. एके दिवशी त्याने मान खाली घातली, डोळे पुसले, आणि थोड्याच वेळात दूरचित्रवाणीवर 'कसाबच्या डोळ्यांत अश्रू' अशी बातमी सुरू झाली. तो दिवस राखीपौर्णिमेचा होता. त्याला बहिणीची आठवण आली का, तो खरोखर अतिरेकी आहे का, इथपर्यंत चर्चा गेली. ही भावनिक लाट मोडण्यासाठी निकम यांनी बाहेर येऊन सांगितले की कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो आहे. पुढे सहा वर्षे ती बिर्याणी राजकीय भाषणांत आणि घराघरांतल्या गप्पांत शिजत राहिली. जयपूरला निकम यांनी सांगितले की त्याने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि त्याला कधी दिलीही गेली नव्हती. ती गोष्ट त्यांनी रचलेली होती.

मला यात निकम यांच्यापेक्षा आपल्या सगळ्यांचे जास्त नवल वाटते. एका अश्रूवर, जो कदाचित डोळ्यांत गेलेल्या कचऱ्याचाही असेल, आपण १६६ माणसे मारण्याच्या कटात सामील असलेल्याचे अंतःकरण वाचायला बसलो, आणि एका न मागितलेल्या बिर्याणीवर ते पुन्हा उलटे वाचले. दोन्ही वेळा पुराव्याच्या कागदात एका ओळीचीही भर पडली नव्हती. आणि सरकार पक्षाकडे पुरावा कमी होता म्हणावे तर तसेही नव्हते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हातात बंदूक घेतलेल्या कसाबचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले होते. माझ्या मते वकिलाने न्यायालयाबाहेर बोलताना आरोपीच्या मनाबद्दल काहीच बोलू नये, चांगले नाही आणि वाईटही नाही. हे मत मी वाहिन्यांवरही मांडले आहे. तेव्हापासून मला बोलावणे जरा कमी येते, हा भाग वेगळा.

याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. २९ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि सी. के. प्रसाद यांनी फाशी कायम केली, तेव्हा कसाबने आपल्या कृत्याबद्दल कधीही पश्चात्ताप दाखवला नाही, याची त्यांनी खेदाने नोंद केली. ही नोंद अश्रूंवर किंवा त्यांच्या अभावावर बेतलेली नव्हती. अटकेनंतरच्या काळात तो स्वतःला 'वतनपरस्त', म्हणजे देशभक्त, समजत होता, ही गोष्ट त्यांनी त्यासाठी धरली. म्हणजे आधार होता तो अभिलेखावरच्या शब्दांचा. तो आधार मला पटतो. तरीही एक शंका उरतेच की वयाच्या एकविसाव्या वर्षी पढवून पाठवलेल्या मुलाचे अटकेनंतरचे शब्द त्याच्या मनाचा शेवटचा कौल मानावेत का. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली आणि ती शंका निरुपयोगी ठरली.

मुंबई उच्च न्यायालयाने शक्ती मिल प्रकरणात पश्चात्तापाकडे निराळ्या बाजूने पाहिले. ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मीच्या त्या ओसाड गिरणीत एका तरुण छायाचित्रकार पत्रकार महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. आधीच्या अशाच गुन्ह्यातही दोषी ठरलेल्या तिघांना सत्र न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये, कायद्यात नव्याने आलेल्या कलम ३७६(ई) खाली, फाशी दिली. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती साधना जाधव आणि पृथ्वीराज चव्हाण यांनी ती जन्मठेपेत बदलली. मृत्यूने पश्चात्तापाची कल्पनाच संपते, आणि या आरोपींनी उरलेले आयुष्य सश्रम कारावासात पश्चात्ताप करत काढावे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे होते. निकालाच्या दिवशी माझ्या ओळखीतल्या अनेकांना तो दयेचा वाटला आणि त्यांचा संताप झाला. मी तो दोनदा वाचला. मला त्यात दया फारशी आढळली नाही. पश्चात्ताप आज दिसतो का, हे न विचारता तो उद्या व्हावा अशी सोय न्यायालयाने केली, आणि ती सोय तुरुंगाच्या भिंतीआड आहे, जेथे कॅमेरा पोहोचत नाही.

मग मन बदलले हे कधी तरी कळते का? थोडेफार कळते, पण सावकाश, आणि कागदांतून. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशीच्या प्रकरणांत कारागृहातल्या वर्तनाचा अहवाल, परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल आणि मानसिक मूल्यमापन या गोष्टी न्यायालयासमोर आल्याच पाहिजेत. पूर्वी कारागृहाचा अहवाल म्हणजे 'बंद्याचे वर्तन समाधानकारक आहे' एवढी एक ओळ आणि खाली गोल शिक्का, असे मी स्वतः पाहिले आहे. आता काही ठिकाणी आठ-दहा पानेही येतात: कोणत्या कारखान्यात काम केले, मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली का, भेटीला कोण येते, कोण यायचे थांबले. ही शेवटची नोंद मी नेहमी आधी वाचतो.

बांधाच्या भांडणातला तो अशील अपील चालू असताना मला तुरुंगात भेटला. तिसऱ्या वर्षी त्याने एक पत्र लिहिले होते, मयताच्या बायकोच्या नावे. वहीचा फाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. इतर कागदपत्रांबरोबर तुरुंगाधिकाऱ्यांच्या सहीने तो माझ्याकडे आला. "वैनीला पाठवता का?" त्याने विचारले. मी नाही म्हणालो. अपील प्रलंबित होते. ते पत्र म्हणजे सही केलेली कबुली झाली असती. वकील म्हणून माझा सल्ला बरोबर होता आणि आजही मी तोच देईन. अपील फेटाळले गेले, शिक्षा कायम झाली, सर्वोच्च न्यायालयात जायचे नाही असे त्याने ठरवले. तेव्हा मी ते पत्र घेऊन पुन्हा गेलो आणि आता पाठवायचे का, असे विचारले. त्याने ते हातात घेतले, सावकाश पूर्ण वाचले, माझे पेन मागून घेतले आणि त्यातली एक ओळ खोडून कागद मला परत दिला. 'त्या दिवशी मी पिलेलो होतो' अशी ती ओळ होती.

मी अजून ते पत्र पाठवलेले नाही. ज्या बाईंच्या नावे ते आहे, त्यांना ते हवे आहे का, हे आधी त्यांच्या वकिलांमार्फत विचारायला हवे, आणि तो निरोप कोणत्या शब्दांत द्यावा याचा मसुदा मी तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा फाडला.