एक तार

पियानो जुळवणाऱ्याचे काम श्रोते येण्यापूर्वी संपते आणि ते नीट झाले असेल तर त्याची कोणी दखल घेत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये कॅम्पातील एका सभागृहात मी केलेली एक गोष्टही कोणाच्या ध्यानात आली नाही, वादक वगळता. आणि ती करावी की नाही याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

वादक मूळच्या पुण्याच्याच, आता युरोपात स्थायिक. व्हायोलिनवादक आपले वाद्य पाठीला अडकवून विमानात बसतो. पियानोवादकाला दर गावी परक्या वाद्याशी दोन-तीन तासांत सोयरीक जमवावी लागते. स्वतःचा स्टाइनवे बरोबर घेऊन फिरणारा होरोविट्झसारखा एखादाच. बाकीच्यांची सारी भिस्त त्या गावच्या कारागिराच्या शब्दावर असते.

पुण्याची हवा या वाद्याला मानवत नाही. एप्रिलच्या कोरड्या उन्हात खुंट्या ज्या लाकडात रुतलेल्या असतात तो पिनब्लॉक आकसतो आणि खुंट्यांची पकड ढिली होते. जुलैत साउंडबोर्ड, म्हणजे तारांखालची आवाज वाढवणारी लाकडी फळी, दमट हवेने फुगतो, तारा ताणल्या जातात आणि विशेषतः मधल्या सप्तकांचा सूर चढतो. सुमारे 230 तारा आणि त्यांचा मिळून 18-20 टनांचा ताण असलेले हे वाद्य एकाच तापमानात, एकाच दमटपणात ठेवावे, असे मी त्या सभागृहाला कितीदा तरी सांगितले आहे. तेथे वातानुकूलन मैफलीच्या तासभर आधी सुरू होते, कारण वीजबिल. वाद्यावर समई ठेवू नये एवढे त्यांना पटवायलाच माझी चार वर्षे गेली.

सकाळी सातला मी सूर लावायला बसलो. दुपारी बाईंनी सराव केला, तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज वरच्या सप्तकात किंचित टणक वाटतो म्हणाल्या, तेव्हा मी हातोड्यांवरच्या फेल्टमध्ये, म्हणजे दाबलेल्या लोकरीत, सुया टोचून तो मऊ केला. तंबोऱ्याच्या जवारीइतकेच हे नाजूक काम. एक टोचा जास्त झाला तर हातोडा मुका होतो. त्या समाधानाने विश्रांतीला गेल्या. सव्वापाचला शेवटची फेरी मारताना मधल्या भागातील बी हा स्वर हलू लागलेला ऐकू आला. त्याच्या तीन तारांपैकी उजवीकडची उतरत होती. खुंटी ठोकून खाली बसवली, तार पुन्हा सुरात आणली. दहा मिनिटांत ती पुन्हा उतरली. जाड खुंटी घालायची तर तार सोडवावी लागते, आणि अशी हलवलेली तार पुढे काही दिवस स्थिर राहत नाही. मैफल साडेसहाला होती. सभागृहाचे चिटणीस म्हणाले, ‘‘एका तारेनं काय होतंय?’’ हे गृहस्थ तबल्याचा सूर थोडा उतरला तरी तोंड वाकडे करतात.

मी पात्याने फेल्टची अगदी अरुंद पट्टी कापली आणि शेजारच्या तारांना स्पर्श होणार नाही अशा बेताने त्या एका तारेभोवती गुंडाळली. स्वर थोडा किरकोळ झाला, पण स्वच्छ झाला. बाई आत डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना सांगितले नाही. उगाच मन विचलित होईल, असे मी तेव्हा स्वतःला बजावले.

उत्तरार्धात बेटोफेनचा ओपस 110 हा पियानो सोनाटा होता, 1821 मधला. त्याच्या शेवटच्या भागात, दुसऱ्या विलापानंतर, जी मेजरचा एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, दहा वेळा वाढत्या आवाजात येतो, आणि त्यापुढच्या फ्यूगसाठी, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांत गुंफत नेणाऱ्या भागासाठी, बेटोफेनने ‘ऊना कोर्दा’, म्हणजे ‘एक तार’, असे लिहिले आहे. त्याच्या काळच्या पियानोत डावा पेडल दाबला की हातोडे खरोखर एकाच तारेवर पडू शकत. आजच्या ग्रँड पियानोत हातोड्यांसकट सगळी स्वरपट्टी उजवीकडे सरकते, तीन तारांच्या स्वराची डावी तार सुटते आणि दोन उरतात. जी हा षड्ज धरला तर बी हा त्याचा गंधार. बाईंचा पाय डाव्या पेडलवर गेला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात हिशेब लागला: डावी तार सुटली, उजवी मी बांधलेली, आणि तीन तारांच्या स्वरांपैकी केवळ त्या गंधाराला खरोखरच एक तार उरली होती. बाकीच्या स्वरांमधून तो बारीक, उघडा ऐकू येत होता. मागच्या रांगेत माझे हात गार पडले.

खुर्च्या आवरत असताना त्या आल्या. ‘‘काका, त्या बीला काय केलं होतंत?’’

मी सगळे सांगितले.

‘‘मला आधी सांगायला हवं होतंत,’’ त्या म्हणाल्या. मग पुन्हा पियानोपाशी बसून पेडल दाबून त्यांनी तो कॉर्ड चार-पाच वेळा वाजवला आणि मला फेल्ट काढायला लावले. तार एव्हाना आणखी उतरलेली होती, सूर डगमगला. त्यांनी काही न बोलता झाकण लावले.

आवडले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आधी सांगितले असते तर त्यांनी तिथे पेडल टाळला असता की मुद्दाम वापरला असता, एवढेच घोळत राहते. नवी खुंटी पुढच्या उन्हाळ्याआधी बसवावी असे व्यवस्थापकांना लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही.